कामाचे रंग : वसंतातलं मोरा बंदर

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच घड्याळापेक्षा समुद्राचं जास्त ऐकते. मोऱ्याच्या जेट्टीलगत गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. म्हणून रोज मुंबई गाठणारा उरणकर तिथी पाहून उधाण-भांगाचा अंदाज बांधतो. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण ही लोकल, दोन्हींचं उद्घाटन झालं. तेव्हापासून मुंबईहून उरणला लवकर पोहोचायला समुद्राची परवानगी लागत नाही. पण मोरा पाहायचा असेल तर लाँचच धरावी, आणि तीही फाल्गुनात.

वाटेत डाव्या हाताला घारापुरी दिसते. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं हे बेट प्रशासनाच्या दृष्टीने उरण तालुक्यात मोडतं. तिथल्या लेण्यांसाठी जग येतं. त्याच तालुक्यातल्या मोरा बंदरातली चित्रं पाहायला मात्र कुणी येत नाही. ती चित्रं होड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि देवळांच्या भिंतींवर आहेत. ती कामासाठी काढलेली आहेत, म्हणूनच त्यांच्याकडे कला म्हणून पाहायचं राहून गेलं.

मोरा हे उरणचं जुनं बंदर. उरण म्हणजे पूर्वीचं करंजा बेट. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर करंजाही इंग्रजांकडे कायम राहिलं. पुढे ब्रिटिश अमलात उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा, म्हणजे उपविभाग होता. मीठ आणि मोहाची दारू ही त्या काळच्या उरणची ओळख. दारूच्या मोठ्या भट्ट्या इथे होत्या आणि माल खाडी ओलांडून मुंबईला जाई. आज कंटेनरचा व्यापार शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातून चालतो. ते १९८९ मध्ये सुरू झालं. मोऱ्याकडे उरली ती मासळी आणि उतारूंची लाँच.

वसंतात इथे पहिल्यांदा नजरेत भरतात ते रंगांचे थर. होड्यांची डागडुजी आणि रंगकाम मुख्यतः पावसाळ्यातल्या बंदीच्या काळात होतं. नारळी पौर्णिमेला नवा रंग लेवून होडी पाण्यात उतरते. फाल्गुन येईपर्यंत त्या रंगाने सहा-सात महिने ऊन, खारा वारा आणि जाळ्यांची घासाघीस सोसलेली असते. निळ्याखालून आदल्या वर्षीचा हिरवा डोकावतो, त्याखालून लाल प्रायमर. पाण्याच्या रेषेजवळ मिठाचा पांढरा पट्टा धरतो. ऑगस्टमध्ये होडी नवी दिसते, मार्चमध्ये तिचा इतिहास दिसतो. त्यातच शिमगा येतो. कोळीवाड्यांमध्ये शिमग्याला होडीची पूजा होते, ती पताकांनी आणि हारांनी सजते, आणि जुन्या रंगावर सणाचा ताजा रंग चढतो. मागे टेकडीवर पांगारा आणि काटेसावर लालभडक झालेले असतात. मिठागरांचा हंगामही याच दिवसांत भरात असतो.

होडीवरच्या अक्षरांपाशी थोडं थांबावं. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना नाव, सोबत नोंदणी क्रमांक, देवाचं किंवा देवीचं चित्र. आगरी-कोळी समाजाची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा, तिचं नाव इथल्या किनाऱ्यावर वारंवार भेटतं. ही अक्षरं सपाट कागदावर काढलेली नाहीत. होडीचं अंग वळतं, फळ्यांच्या सांध्यावर उंचसखल असतं. त्या वळणावर अक्षर समोरून सरळ दिसावं म्हणून पेंटर त्याची रुंदी हळूहळू बदलतो. दुरून येणाऱ्या दुसऱ्या होडीला नाव वाचता यावं म्हणून गडद अंगावर पांढरं किंवा पिवळं अक्षर आणि त्याला एका बाजूने सावली. हे सगळं हिशेबाचं काम आहे, आणि तरीही त्या सावलीत पेंटर आपली हौस भागवतो.

या कारागिरीची किंमत देशात ज्या थोड्यांनी वेळीच ओळखली, त्यांत हनिफ कुरेशी हे नाव महत्त्वाचं. पाट्या रंगवणाऱ्यांची कामं डिजिटल छपाईच्या फ्लेक्सने हिरावून घेतली, तेव्हा त्यांनी अशा पेंटरांच्या हातची अक्षरं गोळा करून त्यांचे संगणकीय टंक तयार करवले. त्या टंकांना त्या पेंटरांचीच नावं दिली : पेंटर कफील, पेंटर उमेश. २०२४ मध्ये अकाली निधन झालेले कुरेशी ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी होते. याच संस्थेने २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मोऱ्यापासून खाडीपलीकडे असलेल्या ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प केला. १८७५ मधली ती गोदी मासळीच्या वासासकट लोकांसाठी खुली झाली. तिथे राबणाऱ्या कोळ्यांचे मोठाले कृष्णधवल चेहरे भिंतींवर चिकटवले गेले, आणि एरवी नाकाला रुमाल लावून गोदी टाळणारे मुंबईकर तिथे रांगा लावून गेले.

ससून डॉकने एक गोष्ट सिद्ध केली : राबत्या बंदरात कला पाहायला लोक येतात. मात्र तिथे कलाकार मुख्यतः बाहेरून आले आणि कोळी चित्राचा विषय झाले. मोऱ्यात चित्र काढणारा आणि ते वापरणारा दोघेही किनाऱ्याचेच. माझ्या मते मोऱ्याचं मोल इथे आहे.

उरणच्या भिंतींना आणखी एक बाजू आहे, लढ्यांची. १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि जानेवारी १९८४ मधलं शेतकऱ्यांचं आंदोलन या दोन्हींत या तालुक्याने गोळीबार सोसला. दुसऱ्या लढ्याचे नेते, जासईचे दि. बा. पाटील. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये मोठी आंदोलनं झाली, तेव्हा गावोगावच्या फलकांवर आणि गाड्यांच्या काचांवर त्यांचा चेहरा उमटला. लोकांची मागणी इथे कागदाआधी रस्त्यावर लिहिली जाते.

अलीकडे नवी मुंबई परिसरात सुशोभीकरणाच्या मोहिमा जोरात आहेत. पुलांखाली आणि संरक्षक भिंतींवर फ्लेमिंगो रंगवले जातात. खरे फ्लेमिंगो उरणच्या पाणजे पाणथळीत येतात, आणि ती पाणथळ वाचावी म्हणून पर्यावरणप्रेमींना वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे. भिंतीवर पक्षी रंगवायचा आणि त्याचं पाणी अडवायचं, हे सौंदर्य खोटं आहे. विनापरवाना भिंती रंगवण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. पाणथळ विद्रूप करणाऱ्या भरावाबद्दलही तितकीच तत्परता हवी.

म्हणून दोन मागण्या. उरण परिसरात ज्या संस्था भिंती रंगवून घेतात, त्यांनी ती कामं आधी इथल्या होडीच्या आणि पाट्यांच्या पेंटरांना द्यावीत, रास्त मजुरी द्यावी, आणि चित्राखाली पेंटरचं नाव लिहू द्यावं. दुसरी मागणी वाचकांकडे. येत्या फाल्गुनात भरतीची वेळ पाहून मोऱ्याला जा. होडीचा फोटो काढण्याआधी तिच्या मालकाला विचारा, आणि ती कुणी रंगवली हेही विचारा. ते नाव फोटोसोबत लिहून ठेवा. लाकडी होड्या कमी होत आहेत आणि फ्लेक्स स्वस्त आहे. ही नोंद करायची तर ती आत्ताच करायला हवी.