म्हातारपणाचे जुलाब : वय हे कारण नव्हे

घरातील वडीलधाऱ्यांचे जुलाब ४ आठवडे थांबले नाहीत, तरी "वय झाले, चालायचेच" असे आपण म्हणतो. पण वय हे कारण नव्हे. प्रथम औषधे पाहावीत. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, अँटिबायोटिक्स, मॅग्नेशियमयुक्त अँटासिड यांनी जुलाब होऊ शकतात. मात्र गोळ्या परस्पर बंद करू नयेत. जंतुसंसर्ग, थायरॉईडचा अतिस्राव, आतड्याची सूज हीही कारणे असतात. कधी मूळ दुखणे बद्धकोष्ठाचे असते. अडकलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो. तेथे जुलाब थांबविणारी गोळी अपायच करते. शौचावाटे रक्त पडणे, वजन घटणे ही लक्षणे दिसताच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. वृद्ध माणसे संकोचाने बोलत नाहीत. म्हणून आपणच विचारावे आणि सर्व औषधे बरोबर घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.