पडलेली गाडी उचलता आली पाहिजे

ॲडव्हेंचर टुरिंगची गाडी पडते. भरधाव असताना क्वचित; बहुतेक वेळा चालण्याच्या वेगात, नाहीतर जागच्या जागी. चढावरच्या वळणावर पाय टेकायला जावं तर खाली खळगा निघतो, ओढ्यातल्या गोट्यावरून पुढचं चाक सटकतं, वाळूत साइड स्टँड रुततो आणि गाडी सावकाश आडवी होते. कच्च्या वाटेला लागायचं तर हे धरूनच चालायचं. मी कोल्हापूरची, उंची पाच फूट दोन इंच, गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११. नवी गाडी घेतलेली मुलंमुली भेटली की विचारतात, "ताई, काय काय बसवून घेऊ?" मी आधी त्यांनाच विचारते, सगळ्या सामानासकट ही आडवी झाली तर तुला एकट्याने उभी करता येईल का? कुठली वस्तू घ्यायची, कुठली दुकानातच ठेवायची, ते या प्रश्नाने बरंचसं ठरतं.

वजनाचा हिशेब करून बघा. ४११ बाजारात आली २०१६मध्ये. तिची बीएस६ गाडी पेट्रोलसकट १९९ किलोची. नोव्हेंबर २०२३मध्ये आलेली हिमालयन ४५० भरते १९६ किलो. म्हणजे शोरूममधून बाहेर पडतानाच दोनशेच्या घरात. त्यावर क्रॅश गार्ड, पॅनिअरची फ्रेम, पेट्या, टॉप बॉक्स, पेट्रोलचे कॅन, तंबू, कपडे चढवत गेलात की अडीचशे कधी ओलांडले ते कळत नाही. आणि ही गाडी उचलायची वेळ येते ती खारदुंग लासारख्या ठिकाणी. साडेसतरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. तिथे बूट बांधायला वाकलं तरी धाप लागते.

उचलायची एक रीत आहे. आधी इंजिन बंद करायचं, चावी फिरवायची. गाडी उजव्या कुशीवर असेल तर डावीकडचा साइड स्टँड आताच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी होता होता ती पलीकडे कोसळते. हात पोहोचत असेल तर गिअर टाकायचा, म्हणजे मागचं चाक फिरत नाही. पुढचं चाक जमिनीकडे वळेल असं हँडल पूर्ण फिरवायचं. मग सीटला पाठ लावून उकिडवं बसायचं, एका हातात हँडलचं खालचं टोक, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे रेटत जायचं. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद पाडणारा सेन्सर असतो, त्यामुळे उभी केल्यावर चावी बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. ते माहीत नसलेली माणसं स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवतात. हे सगळं प्रवासाआधी मैदानातल्या गवतावर, सोबत दोन मित्र घेऊन, रिकाम्या आणि मग भरलेल्या गाडीवर करून पाहावं. या सरावाला पैसे लागत नाहीत, आणि त्यानंतर खरेदीची अर्धी यादी आपोआप गळते.

आता गार्ड. क्रॅश गार्ड इंजिन वाचवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं: तो गाडीला पूर्ण झोपू देत नाही. चांगला गार्ड असला की गाडी जमिनीपासून थोडी वर, तिरकी टेकून राहते. उचलण्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे सुरुवातीचा, तो असा परस्पर कमी होतो आणि पाय खाली सापडायची शक्यताही घटते. घेताना चकाकी पाहू नका, तो चेसिसला किती ठिकाणी धरतो ते पाहा. एकाच बोल्टवर लटकणारा, पातळ पाइपचा गार्ड पहिल्याच आदळण्यात आत वळून इंजिनलाच भिडतो. पोटाखालच्या प्लेटचंही तसंच. ती पुरेशी रुंद हवी आणि ऑइल बदलताना सगळी सोडावी लागू नये. हँडगार्ड आतून धातूची पट्टी असलेलेच घ्या. नुसतं प्लास्टिक गार वारं अडवतं, पण पडल्यावर क्लचचा लिव्हर वाचवत नाही. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्टही आवळून गच्च करू नयेत. हाताने जोर लावला तर लिव्हर फिरेल इतपतच ठेवावेत, म्हणजे आदळल्यावर तो तुटण्याऐवजी सरकतो. ४११ची क्लच केबलची आहे. जुन्या केबलीच्या शेजारूनच नवी केबल ओढून तिची दोन्ही टोकं टेपने बांधून ठेवली की केबल तुटल्यावर फक्त टोकं बदलायची असतात. टाकी सोडायला लागत नाही.

सामानाबद्दल माझं मत ठाम आहे: कच्च्या रस्त्याला मऊ बॅगा. ॲल्युमिनियमच्या पेट्या देखण्या असतात, कुलूप लागतं, हॉटेलबाहेर गाडी निर्धास्त सोडता येते, आणि जो डांबरी रस्त्यानेच फिरणार आहे त्याने त्या जरूर घ्याव्यात. पण वाळूत तोल जाताना आपण नकळत पाय खाली टाकतो, गाडी पुढे सरकत असते, आणि मागून येणारी पेटी पोटरीवर येते. घोटे मोडतात ते असे. शिवाय रिकाम्या पेट्यांची जोडी फ्रेमसकट पंधरा किलोच्या आसपास जाते. म्हणजे एकही कपडा भरण्याआधी तेवढं ओझं चढलं. तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक बॅगा याच्या अर्ध्याहून कमी वजनात येतात, आदळल्या तर दबतात, आणि फाटल्या तर लेहच्या मोच्याकडे शिवून मिळतात. सायलेन्सरच्या बाजूला मात्र मध्ये पत्रा हवाच. कुठल्याही बॅगेची माझी कसोटी अशी: हातमोजे घातलेल्या हाताने, पाना न लावता, ती गाडीवरून सुटते का? आडवी पडलेली गाडी सामान उतरवून उचलायची असते, आणि तेव्हा समोर ट्रक थांबलेला असतो.

बॅगांची फ्रेम मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेतली. तयार मिळते, पण माझ्या बॅगा मला आणखी पुढे आणि खाली हव्या होत्या. फॅब्रिकेशनवाल्या काकांना मी म्हटलं, "काका, पाइप जाड घ्या." ते गाडीभोवती फिरले, मागे नंबर प्लेटखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "जाड घिऊन काय हुतंय ताई? हितनं आडवा पट्टा दिल्याबिगर दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलत्यात. हलत्यात म्हंजे वेल्डिंगला चीर पडणारच." त्यांनी हलका पाइप घेतला, दोन्ही फ्रेम मागून जोडल्या, आणि चेसिसला वेल्डिंग करायला साफ नकार दिला. सगळं मूळच्या बोल्टच्या भोकांवर बसवलं. चेसिसवर वेल्डिंग केलं की त्या जागेचा धातू तापून बदलतो आणि पुढे तिथूनच तडा जायची भीती असते, हे त्यांनी मला हातात भंगारातला एक तुकडा देऊन दाखवलं. जोडाच्या कडेला केसाएवढी रेघ होती. बाहेरचा रंग शाबूत, आत गंज धरलेला.

वजन ठेवायची जागाही वजनाइतकीच महत्त्वाची. जड वस्तू, म्हणजे पाने, ट्यूब, पाणी, खाली आणि इंजिनजवळ. टॉप बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे आणि वर लटकतो. तिथे पाच किलो जास्त झाले तरी वेग धरल्यावर हँडल हलकं पडून डुलायला लागतं. त्यात रेनकोट, औषधं, खाऊ ठेवावा, बस. सामान चढवलं की मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवायचा. तो न वाढवता निघालेली गाडी ओळखायला सोपी असते: शेपूट बसलेलं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

पेट्रोलच्या कॅनचं वेड फोटो बघून येतं. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक वर्षानुवर्षं गाजलेला आहे. ४११च्या टाकीत १५ लिटर मावतं. लिटरला ३० धरले तर ४५० किलोमीटर. पहिल्या-दुसऱ्या गिअरचे चढ, थंडी, सामान यांमुळे २५वर आलं तरी ३७५. म्हणजे जेमतेम पोहोचता. तेव्हा पाच लिटरचा एक कॅन राखीव म्हणून योग्य आहे. लेहहून नुब्रा, पँगाँग, हानले असा फेरा मारायचा असेल तर दुसरा घ्या आणि तोही लेहमध्ये भरा. पुण्या-कोल्हापूरहून भरलेले चार कॅन टांगून निघणं म्हणजे पंधरा किलो पेट्रोल हजारो किलोमीटर फुकट वाहणं.

टायर बदलायची घाई करू नका. खोल खाचांचे टायर चिखलात उत्तम, पण पुण्याहून मनालीपर्यंतचे दोन हजारांच्या आसपास किलोमीटर डांबरी आहेत. ते टायर तिथेच झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब जातो. आपल्या पावसात आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना मला मध्यम खाचांचाच टायर हवा असतो. खरी तयारी पंक्चरची. ४११ला तारांची चाकं आणि आत ट्यूब. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. पुढची ट्यूब गावोगावच्या दुकानात मिळत नाही, म्हणून ती सोबत हवीच. जागा कमी असेल तर एकटी तीच न्या. अडीनडीला मागच्या चाकातही कोंबून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. टायर लिव्हर, छोटा पंप, हवा मोजायचा गेज, आणि मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना. हा शेवटचा घरीच लावून पाहा. डबल स्टँड असेल तर हे सगळं निम्म्या त्रासात होतं. ४५०ला तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तिथे पैसे घालायला मी कुणालाही सांगेन.

माझ्या उंचीच्या बायकांना दुकानदार हमखास गाडीची उंची कमी करणारी लिंक सुचवतात. तिने गाडी खाली येते, पण सस्पेन्शनचा कोन बिघडतो, पोट दगडाला लागतं, आणि साइड स्टँड लांब पडून गाडी उभीच राहते, हलक्या धक्क्याने पलीकडे जाते. सीटचा फोम पुढच्या बाजूला निमुळता करून घ्यावा. ४११चं सीट ८०० मिलिमीटरवर आहे. मांड्यांमधली रुंदी कमी झाली की तेवढ्याच उंचीवर पाय सरळ खाली जातो. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घ्यावेत. दोन्ही तळवे टेकायची गरज नसते, एक नीट टेकला की पुरे. आणि हँडल, लिव्हर यांचे कोन स्वतःला बसतील असे करून घ्यावेत. उभं राहून चालवताना मनगट मोडत नसेल तर रायझरवर खर्च करायचं कारण नाही.

विजेच्या बाबतीत मी फार जपून असते. ४० वॅटचे दोन जादा दिवे म्हणजे १२ व्होल्टला साडेसहा अँपिअरहून जास्त. हेडलाइटची वायर सोलून त्यात पीळ देऊन जोडणारे कारागीर भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका. बॅटरीपासून वेगळी लाइन, तिला फ्यूज, मध्ये रिले, आणि बंद करायला स्वतंत्र बटण हवं. धुक्यात पिवळा प्रकाश डोळ्यांवर उलटून येत नाही असा माझा अनुभव आहे. दिवे खाली वळवून लावा आणि समोरून गाडी आली की बंद करा. फोन हँडलवर लावणार असाल तर धक्के शोषणारा माउंट घ्या. इंजिनच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१मध्ये स्वतःच दिला होता.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. मागच्या चाकाचं कपडे अडकू न देणारं आवरण काढणं, कर्णकर्कश सायलेन्सर बसवणं हे टाळा. तो आवाज डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना रात्री झोपू देत नाही.

पैसे मोजके असतील तर क्रम असा लावा: हेल्मेट, बूट, हातमोजे, जॅकेट, मग क्रॅश गार्ड, पोटाची प्लेट, हँडगार्ड, मग पंक्चरचं सामान, मग बॅगा. दिवे, उंच काच वगैरे पुढच्या वर्षी. आणि जे बसवाल त्याच्या प्रत्येक बोल्टला थोडं लॉकटाइट लावून आवळा, मग बोल्टचं डोकं आणि फ्रेम यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढा. रोज सकाळी निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची. जिथे रेघेची दोन टोकं जुळत नाहीत, तो बोल्ट ढिला झालाय.