पाणी गेलेलें इंजिन आणि गॅरेजचा अंदाज

मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिली नाहीं. एकत्र कुटुंबांत वृद्धांना इस्पितळांत नेण्यापासून लग्नकार्यापर्यंत तिचें काम पडतें. म्हणून तिचें इंजिन बिघडलें म्हणजे साऱ्या घराच्या जमाखर्चास धक्का बसतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हां मुंबईंत, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यास पूर आला तेव्हां पुण्यांत, असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. पुढें गॅरेजवाल्यांशीं जो प्रसंग पडतो, त्याविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

सिलिंडरांत शिरलेल्या हवेस पिस्टन दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. हवेच्या नळीवाटें पाणी आंत गेलें असतां पिस्टन वर जातांना अडतो आणि त्यास ढकलणारा पोलादी दांडा, ज्यास कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो वांकतो. क्वचित् मोडून ब्लॉकला भोंकही पाडतो. बंद स्थितींत बुडालेल्या गाडीस हा अपाय सहसा होत नाहीं; ती सुरू करूं जातांना होतो. यास्तव पाण्यांत बंद पडलेल्या गाडीची किल्ली फिरवूं नये, ती ओढून न्यावी, हें घरांतील उत्साही चिरंजीवांस आधींच बजावून ठेवावें.

माझ्या एका पुतण्याची पेट्रोलची गाडी अशीच बंद पडली. गॅरेजमधील गृहस्थांनीं वरवर पाहून "इंजिन गेलें, नवेंच बसवावें लागेल" असें सांगितलें व दोन लाखांचा अंदाज हातीं ठेवला. पुतण्यानें शांतपणें विचारलें, "प्लग काढून पाहिलेत का? कॉम्प्रेशन मोजलेंत का?" दोन्ही झालें नव्हतें. गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें स्पार्क प्लग काढून इंजिन फिरविलें, तेव्हां पाणी उडालें. तीन सिलिंडरांचा दाब सारखा भरला, चौथ्याचा कमी. खोलल्यावर एकच दांडा वांकलेला निघाला. बेअरिंगें, गॅस्केट, तेल व मजुरी धरून खर्च पहिल्या अंदाजाच्या चतुर्थांशाहून कमी आला. पहिल्यानें फसविलें असें मी म्हणत नाहीं; आख्खें इंजिन बदलणें मोठ्या गॅरेजला सोयीचें असतें. परंतु नाडी न पाहतां सांगितलेल्या शस्त्रक्रियेस निदान कसें म्हणावें?

खरी गोम विम्यांत आहे. पाण्यांत गाडी सुरू केल्यानें झालेलें इंजिनाचें नुकसान परिणामजन्य ठरवून विमा कंपन्या बहुधा नाकारतात. त्यासाठीं इंजिन संरक्षणाची निराळी जोड पॉलिसीबरोबरच घ्यावी लागते. ती असल्यास सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत इंजिन खोलूं देऊं नये.

ग्राहक ह्या शब्दाचा संस्कृतांत आकलन करणारा असाही अर्थ आहे; गॅरेजांत तोच अधिक उपयोगी. अंदाज कलमवार व लेखी घ्यावा. अंदाजाबाहेरचें काम विचारल्यावांचून करूं नये आणि काढलेले जुने भाग परत द्यावे, हें त्याच कागदावर लिहून घ्यावें. ब्लॉक बदलल्यास इंजिनाचा क्रमांक बदलतो, तेव्हां परिवहन कार्यालयांत नोंद करणें ओघानेंच आलें. इतकें करूनही तंटा उरलाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. दिलेला मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाहीं, आणि वकीलही लागत नाहीं. कागद मात्र लागतात.