दोन घरचा पाहुणा

२००७ साली मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या तबकड्या स्वस्तात बाजारात आणल्या. व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना. त्या वरच्या ६ रुपयांत गिऱ्हाइकाला चौपट ठिपक्यांचे चित्र मिळत होते, आवाज सुधारत होता आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात उठून दुसरी सीडी घालायची कटकट वाचत होती. तरीही आमच्या सोलापुरात नवी पेठेपासून पूर्व भागापर्यंत टपऱ्या-दुकानांत व्हीसीडीचे गठ्ठे पुढची कित्येक वर्षे हलत राहिले. सरस वस्तू जवळजवळ त्याच भावात शेजारी ठेवलेली असताना निरस वस्तू का खपते? या प्रश्नाचे उत्तर तबकडीत शोधून मिळत नाही. ते दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली ठेवलेल्या प्लेयरमध्ये आहे.

व्हिडिओच्या फॉरमॅटचे भांडण म्हटले की सगळे बीटामॅक्स आणि व्हीएचएसची गोष्ट सांगतात. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणले, जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस. दोन्हींची फीत अर्ध्या इंचाचीच, पण कॅसेटचा आकार वेगळा आणि यंत्रात फीत गुंडाळण्याची पद्धतही वेगळी. त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात शिरतच नसे. सुरुवातीच्या बीटामॅक्स कॅसेटवर तासाभराचेच चित्रण मावे, व्हीएचएसवर दोन तासांचे. पुढे व्हीएचएसची यंत्रे जास्त घरांत गेली, म्हणून कॅसेटवाल्यांनी व्हीएचएसचाच माल भरला, आणि माल मिळतो म्हणून लोकांनी तेच यंत्र घेतले. १९८८ साली सोनीनेही व्हीएचएस यंत्रे काढली.

आपल्याकडे १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही पसरला तोवर या भांडणाचा निकाल लागत आला होता. गणपतीत मंडळाने वर्गणी काढून रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर लावायचे, त्या जमान्यातली कॅसेट व्हीएचएसच असे. मात्र दोन पद्धती एका पेटीत कोंबणारे यंत्र मराठी घरांना तेव्हाच भेटले होते. अमेरिकेत गेलेल्या मुलाला धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट पाठवली, तर ती तिथल्या व्हीसीआरमध्ये जाई, पण नीट दिसत नसे. आपली पाल पद्धत ६२५ रेघांची, सेकंदाला २५ चित्रांची. तिथली एनटीएससी ५२५ रेघांची, सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. म्हणून परदेशातल्या आपल्या माणसांनी खास ‘मल्टिसिस्टिम’ व्हीसीआर घेतले. ते महाग पडत, पण दोन्ही देशांच्या कॅसेट चालवणाऱ्या घराला दुसरा इलाजच नव्हता. जोड-यंत्राचे खरे गिऱ्हाईक हेच: ज्याचे दोन्ही घरी जाणे-येणे असते आणि ज्याला एक घर सोडता येत नाही.

आता त्या ६ रुपयांकडे येऊ.

व्हीसीडीची मानके १९९३ साली ठरली. साध्या सीडीवर एमपेग-१ पद्धतीने दाबून भरलेले चित्र, आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, एका तबकडीवर जेमतेम ७४ मिनिटे. अडीच-तीन तासांच्या आपल्या पिक्चरला दोन, कधी तीन सीड्या लागत. जपान-अमेरिकेने हा प्रकार फारसा मनावर घेतला नाही, पण चीनमध्ये आणि मग आपल्याकडे त्याचा पूर आला. कॅसेटसारखी फीत अडकत नाही, बुरशी धरत नाही, आणि वाटीभर पाणी सांडले तरी पुसून पुन्हा चालते. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि यंत्रमागाच्या कापसाळ धुळीत ही मोठीच सोय होती. डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६ ठिपके आणि अख्खा पिक्चर एका तबकडीत. कागदावर पाहिले तर व्हीसीडी दोन-तीन वर्षांत संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण बाजारात आलेला जवळपास प्रत्येक डीव्हीडी प्लेयर व्हीसीडीही चालवत होता. ही जोड कंपन्यांना फुकटात पडत होती. डीव्हीडीसाठी एमपेग-२ उलगडणारी चिप लागतेच, आणि त्या मानकातच एमपेग-१ वाचता आले पाहिजे अशी अट आहे. उरला लेसर. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो, सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर लाल लेसरला पुरेसा उजेड परत देत नाही, त्यामुळे पहिल्या काही डीव्हीडी प्लेयरांना अशा सीड्या वाचताच येत नसत. पण घरी लिहिलेल्या गाण्याच्या सीड्याही चालल्याच पाहिजेत, म्हणून दोन लेसर बसवण्याची पद्धत लवकरच रुळली. मग व्हीसीडी त्याच दाराने आत आली.

दुरुस्तीवाल्याच्या बाकावर हे दोन लेसर उघड दिसायचे. वरचे झाकण काढले की ट्रेच्या खाली रुळावर सरकणारे, नखाएवढ्या भिंगाचे निळसर डोळे असलेले युनिट दिसे. सगळे त्याला ‘लेन्स’च म्हणत. गिऱ्हाईक तक्रार सांगे, ‘डीव्हीडी चालते, सीडी घेत नाही,’ किंवा नेमके उलटे. आधी कापसाच्या बोळ्याने, स्पिरिटने भिंग पुसून बघायचे. तरीही एकच प्रकार चालला तर निदान ठरलेले: दोनपैकी एक लेसर थकला आहे. ‘लेन्स गेली.’ अख्खे युनिट बदलायचे. बाहेरून एक दिसणारे यंत्र आतून दोन यंत्रांचे बिऱ्हाड होते.

या बिऱ्हाडाने स्पर्धेची चालच बदलली. साधारणपणे नवा फॉरमॅट जुन्याला मारतो तो असा: नवे यंत्र घरात आले की जुना माल निकामी होतो, जुन्याचे गिऱ्हाईक आटते, दुकानदार तो माल ठेवणे बंद करतो. इथे नवे यंत्र घेणाऱ्या घराने जुन्या मालाचे गिऱ्हाईक असणे सोडलेच नाही. उलट हिशेब कंपनीच्या बाजूने असा बसला: व्हीसीडी काढली तर जुन्या व्हीसीडी प्लेयरचे घरही घेणार आणि नव्या डीव्हीडी प्लेयरचे घरही घेणार. डीव्हीडी काढली तर फक्त दुसरेच. ज्याला एकच प्रकार काढणे परवडत होते, त्याने व्हीसीडी काढली. मोझर बेअरसारख्या मोठ्या कंपनीने दोन्ही काढल्या, पण लहान वितरकांनी आणि प्रादेशिक भाषांतल्या निर्मात्यांनी सरळ खालचा मजला धरला. जोड-यंत्र गिऱ्हाइकाला निवडीच्या धास्तीतून सोडवते, आणि त्याच वेळी माल काढणाऱ्याला सुधारण्याच्या दबावातूनही सोडवते. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिची किंमत आपण मराठी माणसांनी मोजली आहे. त्याबद्दल पुढे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच २००७ सालच्या जानेवारीत, याच युक्तीचा खर्चिक प्रयोग सुरू होता. हाय डेफिनिशन चित्रासाठी सोनीच्या बाजूची ब्लू-रे आणि तोशिबाच्या बाजूची एचडी डीव्हीडी समोरासमोर उभ्या होत्या. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडी काढे, डिस्ने आणि फॉक्स फक्त ब्लू-रे. लास व्हेगासच्या प्रदर्शनात एकाच आठवड्यात दोन तोडगे जाहीर झाले. एलजीने दोन्ही तबकड्या चालवणारा बीएच१०० हा प्लेयर दाखवला, आणि वॉर्नरने ‘टोटल एचडी’ ही एका बाजूला ब्लू-रे व दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी असलेली तबकडी.

दोन्ही फॉरमॅटचा निळसर लेसर एकच, ४०५ नॅनोमीटरचा. म्हणजे काम सोपे असे वाटेल. पण ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली ०.१ मिलिमीटरवर असते आणि एचडी डीव्हीडीची ०.६ मिलिमीटरवर, त्यामुळे भिंगाची घडण वेगळी लागते. शिवाय जुन्या डीव्हीडीसाठी लाल लेसर हवाच. एलजीच्या यंत्राची किंमत ठेवली ११९९ डॉलर. एवढे मोजूनही एचडी डीव्हीडीच्या मेन्यूची खास सोय त्यात नव्हती, म्हणून त्या गटाचे अधिकृत बोधचिन्ह मिळाले नाही, आणि साधी गाण्याची सीडी तर ते वाचतच नसे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हा. त्याच साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सला जोडायचा एचडी डीव्हीडीचा भाग आणि सोनीचे ब्लू-रे असलेले प्लेस्टेशन ३ वेगवेगळे घेतले, तरी खर्च त्या एका पेटीपेक्षा कमीच होत होता.

‘टोटल एचडी’ची अडचण वेगळी होती. दोन तोंडांची तबकडी छापायला महाग, बिघडण्याची शक्यता दुप्पट, आणि वर नाव-चित्र छापायला जागाच नाही. पण मूळ दुखणे पैशाच्या वाटणीचे होते. प्लेयर दोन्ही वाचणारा असेल तर तबकडी दुहेरी करायचे कारण उरत नाही, आणि तबकडी दुहेरी असेल तर प्लेयर एकाच जातीचा पुरतो. एका बाजूने खर्च केला की दुसरी बाजू आपोआप सुटते. मग आपण कशाला करा, असे प्रत्येकाला वाटले. इतर स्टुडिओ पुढे आले नाहीत आणि ती तबकडी दुकानात पोहोचलीच नाही. अखेर ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने फक्त ब्लू-रेचा हात धरला आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचे जाहीर केले. सॅमसंगचाही दुहेरी प्लेयर २००७च्या अखेरीस निघाला होता. त्याला बाजार मिळायच्या आत एक बाजूच नाहीशी झाली.

जोड-यंत्राने एखादे भांडण खरोखर मिटवल्याचे उदाहरणही आहे, आणि ते सोलापुरातल्या प्रत्येक सायबर कॅफेत, फोटो स्टुडिओत वापरले गेले. कोऱ्या डीव्हीडीचे ‘वजा आर’ आणि ‘अधिक आर’ असे दोन गट होते. २००२ साली सोनीने दोन्हींवर लिहिणारा ड्राइव्ह काढला. पाठोपाठ सगळ्यांनी तेच केले, कारण लेसर तोच, भिंग तेच, फरक बराचसा लिहिण्याच्या आज्ञांचा. काही वर्षांत लोक दुकानात नुसती ‘ब्लँक डीव्हीडी’ मागू लागले आणि दोन्ही गट हरल्या-जिंकल्याशिवाय जगले. दुहेरीपणाचा खर्च नगण्य असला की जोड टिकते. तो गिऱ्हाइकाच्या खिशाला जाणवला की प्रत्येक जण थांबून निकालाची वाट बघतो.

आता आपण मोजलेल्या त्या किमतीकडे. सोलापुरात एका घरात तेलुगू, दारात मराठी, शाळेत मराठी किंवा उर्दू, आणि अक्कलकोटच्या सोयऱ्यांशी कन्नड, हे रोजचे चित्र आहे. अशा गावासाठी डीव्हीडी ही देणगी होती. एका तबकडीवर आठपर्यंत वेगवेगळे ध्वनिमार्ग आणि ३२ पर्यंत उपशीर्षकांचे संच बसतात. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या आजीने तेलुगूत आणि नातवाने मराठी उपशीर्षके वाचत एकच पिक्चर एकत्र बघावा, एवढी सोय त्या ३४ रुपयांत तांत्रिकदृष्ट्या बसत होती. व्हीसीडीत डाव्या कानाला एक आणि उजव्या कानाला दुसरी भाषा देण्यापलीकडे काही जमत नाही, उपशीर्षके तर चित्रावर कायमचीच छापावी लागतात. आपल्या तबकड्यांवर ती सोय क्वचितच वापरली गेली. माल व्हीसीडीच्या मापाने तयार होत राहिला आणि डीव्हीडीवर तोच उतरवला गेला.

सर्वांत मोठे नुकसान नाटकांचे झाले. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी त्या वर्षांत मराठी नाटके चित्रित करून सीडीवर आणली, हे त्यांचे उपकारच. ज्यांना हुतात्मा स्मृती मंदिरातला प्रयोग चुकला, त्यांनी ती घरी बघितली. पण ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांत रंगमंचाचे पूर्ण दृश्य घेतले की नटाचा चेहरा म्हणजे काही चौकोनी डाग उरतात. डोळ्यांत काय चालले आहे ते दिसत नाही. जिथे मूळ टेप जपली गेली नसेल, तिथे तो अभिनय पुढच्या पिढीसाठी त्या डागांतच राहणार. आज इंटरनेटवर अनेक जुन्या मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या ज्या अंधूक प्रती फिरतात, त्यांचा धूसरपणा बघितला की तो व्हीसीडीतून आलेला आहे हे लगेच ओळखू येते. फितीत याहून कितीतरी अधिक तपशील होता. तो जपायला पुरेशी तबकडी बाजारात होती, यंत्रेही घराघरांत होती. प्लेयर दोन्ही चालवतो म्हणून कुणी मागणी केली नाही, आणि मागणी नाही म्हणून कुणी काढली नाही. याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

मोझर बेअर २०१८ साली अवसायनात निघाली. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवले. पेन ड्राइव्ह आणि मग मोबाइलने तबकड्याच मागे टाकल्या. पण घरोघरच्या लोखंडी कपाटांत लग्नाच्या कॅसेटी, शाळेच्या गॅदरिंगच्या सीड्या, राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या हौशी प्रयोगांची चित्रणे अजून पडून आहेत, आणि ती वाचायचा मार्ग अजून खुला आहे. संगणकाचा जुना डीव्हीडी ड्राइव्ह किंवा ब्लू-रे ड्राइव्ह व्हीसीडी वाचतो. तिच्या ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ शेपटीची मोठी फाइल असते. ती तशीच उचलून हार्ड डिस्कवर ठेवावी, आकार कमी करायच्या मोहात पुन्हा दाबू नये, कारण मुळातच थोडे असलेले चित्र आणखी जाते. घरी लिहिलेल्या सीड्या आधी घ्याव्यात, त्यांचा रंगाचा थर उडतो. कारखान्यात ठोकलेल्या नंतर चालतील. कॅसेटी असतील तर त्या सर्वांत आधी, आणि चालू व्हीसीआर कुणाकडे आहे ते याच सुटीत शोधून ठेवावे. तबकडीचे कव्हर फेकू नये. कलाकारांची, दिग्दर्शकाची, प्रकाशयोजना करणाऱ्याची नावे बहुधा फक्त तिथेच असतात. दोन्ही बाजूंचा फोटो काढून तो त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.