रुळांचे वेड, पण रुळांपासून अंतर राखून : रेल्वेचा छंद जोपासताना तरुणांनी काय जाणून घ्यावे?

नवी दिल्ली : फलाटाच्या टोकाला उभे राहून येणाऱ्या इंजिनाचा क्रमांक वहीत टिपणारी मुले देशातील बहुतेक मोठ्या स्थानकांवर दिसतात. वहीची जागा आता बव्हंशी मोबाइल कॅमेऱ्याने घेतली आहे आणि त्यासोबत एक नवा धोकाही आला आहे. समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी काही सेकंदांची चित्रफीत मिळवण्याच्या नादात रुळांवर उतरलेल्या किंवा मालगाडीच्या डब्यावर चढलेल्या तरुणांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. रेल्वेचे आकर्षण गैर नाही. उलट, गाडी कशी चालते हे ज्याला नीट समजले, तो रुळांच्या जवळ जाण्याचे धाडस सहसा करत नाही.

छंदाची सुरुवात कोठून करावी?

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर धावली. तेव्हापासूनचा इतिहास पाहण्यासाठी दिल्लीच्या चाणक्यपुरी भागातील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय हे उत्तम ठिकाण आहे. मैसूरु, चेन्नई आणि हावडा येथेही रेल्वे संग्रहालये आहेत. हरियाणातील रेवाडी येथे वाफेची इंजिने जतन केली आहेत. नागपूरच्या मोतीबाग येथील संग्रहालय नॅरोगेज रेल्वेला वाहिलेले आहे, तर पुण्यात कोथरूड परिसरात छोट्या प्रतिकृतींचे रेल्वेनगर पाहता येते.

प्रत्यक्ष प्रवास ही या छंदाची दुसरी पायरी. दार्जिलिंग हिमालयन रेल्वेला १९९९ मध्ये, निलगिरी रेल्वेला २००५ मध्ये आणि कालका-शिमला रेल्वेला २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. निलगिरीच्या तीव्र चढावर रुळांच्या मधोमध बसवलेल्या दातेरी पट्टीत इंजिनाचे दातेरी चाक अडकते व त्या आधारे गाडी वर चढते. अशी एक रचना प्रत्यक्ष पाहिली की पाठ्यपुस्तकातील यंत्रशास्त्र सहज उमगते.

अक्षरांची आणि रंगांची भाषा

रेल्वेची स्वतःची एक लिपी आहे. इंजिनावरील ‘डब्ल्यूएपी-७’ या नावात ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘ए’ म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर चालणारे आणि ‘पी’ म्हणजे प्रवासी गाड्यांसाठीचे इंजिन. शेवटच्या अक्षराजागी ‘जी’ असेल, तर ते मालगाडीचे इंजिन समजावे. डिझेल इंजिनांच्या नावात ‘ए’ ऐवजी ‘डी’ येतो.

चार रंगस्थिती दाखवणाऱ्या सिग्नलमध्ये हिरवा म्हणजे मार्ग मोकळा, दोन पिवळे म्हणजे सावध, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबण्याच्या तयारीने जा आणि लाल म्हणजे थांबा. रुळांलगतच्या पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेले असेल, तर पुढे फाटक आहे, शिटी वाजवा, अशी ती लोको पायलटला सूचना असते. शेवटच्या डब्यामागील फुलीची खूण शोभेची नसते. गाडी पूर्ण आली असून तिचे डबे मागे सुटलेले नाहीत, याची खात्री स्थानकावरील कर्मचारी त्या खुणेवरून करतात.

गाडी लगेच का थांबत नाही?

लोखंडी चाक लोखंडी रुळावरून फिरते तेव्हा घर्षण फार कमी असते. त्यामुळेच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते. पण त्याच कारणाने वेगातील गाडी तातडीने थांबवता येत नाही. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी एक्स्प्रेस गाडी ब्रेक लावल्यानंतर पूर्ण थांबेपर्यंत जवळपास एक किलोमीटर पुढे जाऊ शकते. या वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे ३० मीटर अंतर कापते. म्हणजे ३०० मीटरवर दिसणारी गाडी अवघ्या दहा सेकंदांत जवळ येते. रुळांवर माणूस दिसल्यावर लोको पायलट शिटी वाजवू शकतो, आपत्कालीन ब्रेक लावू शकतो. गाडी बाजूला वळवू शकत नाही.

‘आवाज आला की बाजूला होऊ’ हा भरवसाही फसवा आहे. जोडरहित लांब रुळांमुळे पूर्वीचा खडखडाट कमी झाला असून विद्युत इंजिने तुलनेने शांत असतात. कानात इयरफोन असतील, तर उरलासुरला इशाराही मिळत नाही. दुहेरी मार्गावर एका गाडीच्या आवाजात आणि आडोशात दुसरी गाडी दिसत नाही. अनेकदा पहिली गाडी गेल्यावर निर्धास्तपणे पाऊल टाकणारा दुसरीच्या तडाख्यात सापडतो.

रुळांच्या अगदी बाहेर उभे राहणेही सुरक्षित नसते. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर असते, तर डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. म्हणजे डबा दोन्ही बाजूंना रुळांच्या बाहेर सुमारे पाऊण मीटर आलेला असतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहताना हे अंतर हमखास चुकीचे वाटते. वेगवान गाडीसोबत येणारा हवेचा झोतही तोल घालवू शकतो. फलाटावरील पिवळी पट्टी त्यासाठीच आखलेली असते.

न दिसणारा धोका

विद्युतीकरण झालेल्या मार्गांवरील तारांमध्ये २५ हजार व्होल्टचा दाब असतो. घरातील विजेच्या शंभरपटीहून अधिक. एवढ्या दाबाची वीज स्पर्श न होताही हवेतून झेप घेऊ शकते. त्यामुळे उभ्या मालगाडीच्या टपावर चढून सेल्फी घेणे किंवा तारांखाली धातूची काठी उंचावणे जीवघेणे ठरते. गाडी उभी असली तरी तारेतील वीज बंद झालेली नसते.

कायदा काय सांगतो?

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळांवर वा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे. टपावरून किंवा पायरीवर उभे राहून प्रवास करण्यास कलम १५६ अन्वये मनाई आहे. सबळ कारणाविना धोक्याची साखळी ओढणेही दंडनीय आहे. गाडीवर दगड मारण्यासारख्या, प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या जाणीवपूर्वक कृत्यासाठी कलम १५३ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

छंदिष्टांसाठी आचारसंहिता

* गाड्या फलाटावरून, पादचारी पुलावरून किंवा रेल्वे हद्दीबाहेरील मोकळ्या जागेतूनच पाहाव्यात. प्रवास करायचा नसल्यास फलाट तिकीट घ्यावे. ते दोन तासांसाठी वैध असते.
* छायाचित्र घेताना फ्लॅश वापरू नये. त्याने लोको पायलटचे डोळे दिपतात. कर्मचाऱ्यांनी हरकत घेतल्यास वाद न घालता थांबावे. व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते.
* मोबाइल किंवा पिशवी रुळांवर पडल्यास स्वतः खाली उतरू नये. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला किंवा स्टेशन मास्तरला सांगावे.
* रुळाला तडा किंवा मार्गावर अडथळा दिसल्यास जवळच्या स्थानकाला अथवा फाटकावरील कर्मचाऱ्याला तत्काळ कळवावे. मदतीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक उपलब्ध आहे.
* लहान मुलांसोबत मोठी व्यक्ती असावी. मोठ्यांनीही घाईत रूळ ओलांडू नयेत; मुले तेच शिकतात.

ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली. दोन गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी स्वदेशी ‘कवच’ यंत्रणा टप्प्याटप्प्याने बसवली जात आहे. लोको पायलटने लाल सिग्नल ओलांडण्याची शक्यता निर्माण झाल्यास ही यंत्रणा आपोआप ब्रेक लावते. मात्र रुळांवर उभ्या असलेल्या माणसाला वाचवण्यासाठी ती बनवलेली नाही. तेथे सुरक्षित अंतर राखणे हेच एकमेव कवच आहे आणि ते ज्याचे त्यानेच सांभाळायचे आहे.