रानातला कोयता निवडताना कायद्याचेही भान हवे

ब्रिटनमध्ये तंबूच्या सहलींसाठी ‘मशेटी’, अर्थात लांब पात्याचा कोयता, घेताना दोन प्रश्नांचा विचार करावा: काम कोणते आणि पाते कायदेशीर आहे काय?

गवत व कोवळ्या फांद्या छाटण्यास पातळ, लांब पाते पुरते. निवाऱ्यासाठी मनगटाएवढ्या काठ्या तोडायच्या असल्यास मलय ‘परांग’सारखे आखूड, टोकाकडे जड पाते घ्यावे, घावाला बळ त्या वजनामुळे येते. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे. कार्बन पोलाद गंजते, परंतु कानशीने त्यास सहज धार लावता येते; काम संपताच पुसून तेल लावावे.

करवतीसारखी दातेरी पाठ आकर्षक वाटते. धोका तिथेच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २४ सप्टेंबर २०२४ पासून आठ इंचांहून लांब, धारदार व टोकदार पात्याला अशी कडा, अनेक छिद्रे किंवा काटे असल्यास ते घरात ठेवणेही गुन्हा ठरू शकते. लाकूड कापण्यास घडीची करवत वेगळी घ्यावी.

साधा कोयताही सबळ कारणाविना सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. म्हणून सहल संपताच तो गाडीतून काढून घरात कुलूपबंद ठेवावा.