संगणक बिघडला की बदलला?

अंबाडी हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील एक गाव. भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता आणि वज्रेश्वरीकडे जाणारा रस्ता या गावच्या नाक्यावर एकमेकांस मिळतात. आषाढात पाऊस कोसळू लागला, की येथील भातखाचरे तुडुंब भरतात आणि विजेचा भरवसा राहत नाही. समजा, अशाच दिवसांत, एका बुधवारी सकाळी, या गावातील सातवीत शिकणारी एक मुलगी घरचा संगणक सुरू करते. आदल्या रात्री सर्व काही यथास्थित होते. आता पडद्यावरील चित्र निराळे आहे, आईने ठेवलेला बचत गटाचा हिशेब जागेवर नाही, छपाईयंत्र हूं की चूं करीत नाही. सर्वांत वाईट म्हणजे, ज्या फोल्डरमध्ये आजीच्या आवाजातील धवले साठवलेले होते, तो फोल्डरही दिसत नाही. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण जी विधींची गाणी म्हणते त्यांना धवले म्हणतात. आजी आता हयात नाही आणि तिचे सर्व धवले दुसऱ्या कोणाला पाठ नाहीत.

"संगणक बिघडला," असे वडील म्हणतात. शेजारचा उत्साही तरुण लगेच तोड सुचवतो, "फॉरमॅट मारून टाका, काका. अर्ध्या तासात नवा कोरा होईल!"

हा सल्ला सद्‌भावनेने दिलेला असला, तरी तो मानण्यापूर्वी थांबले पाहिजे. फॉरमॅट मारणे म्हणजे साठवणीची पाटी पुसून टाकणे. संगणक त्याने बहुधा सुरू होईल, पण आजीचा आवाज मात्र जाईल.

मग रात्रीतून झाले तरी काय? बुधवार हा योगायोग नाही. 'विंडोज' ही कार्यप्रणाली तयार करणारी मायक्रोसॉफ्ट ही कंपनी ऑक्टोबर २००३ पासून आपल्या सुरक्षाविषयक सुधारणा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करीत आली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळ असते आणि भारतात रात्र. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ संगणकांत ही 'अपडेट' रात्री उतरते आणि तिचे परिणाम बुधवारी किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांत दिसू लागतात.

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, हे काय प्रकरण आहे, हे समजण्यासाठी भिवंडीतील एखादे मोठे गोदाम डोळ्यांसमोर आणावे. तेथे एक मुकादम असतो. कोणता माल कोठे ठेवायचा, कोणती गाडी केव्हा लावायची, कोणाला कोणते काम द्यायचे, हे तो ठरवतो. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. आता या गोदामातील प्रत्येक हमाल निराळी भाषा बोलतो, असे मानू. कळफलक, छपाईयंत्र, ध्वनिक्षेपक, वाय-फाय हे ते हमाल होत. मुकादमाचा हुकूम त्यांना समजावा म्हणून प्रत्येकाजवळ एक दुभाषा नेमलेला असतो. या दुभाष्यास 'ड्रायव्हर' म्हणतात. वस्तुतः तो एक लहानसा प्रोग्रॅमच असतो. अपडेट झाली म्हणजे मुकादमाच्या बोलण्याची रीत थोडी बदलते. दुभाषा जुन्या रीतीला सरावलेला असला, तर हमाल धडधाकट असूनही काम ठप्प होते. अपडेटनंतर मुके झालेले छपाईयंत्र बहुतेक वेळा मोडलेले नसते, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु गोदामातील माल निराळा आणि मुकादम निराळा. मुकादम बदलला म्हणून माल नाहीसा होत नाही. फार तर नव्या मुकादमाला तो कोठे ठेवला आहे ते ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये असेच घडले. 'विंडोज १०'च्या त्या महिन्यातील एका अपडेटनंतर काही लोकांच्या पडद्यावरून सर्व फायली अदृश्य झाल्या. अनेकांनी कपाळाला हात लावला. प्रत्यक्षात संगणकाने त्यांच्या नेहमीच्या खात्याऐवजी एक तात्पुरते खाते उघडले होते. मूळ फायली 'सी ड्राइव्ह'मधील 'युजर्स' या फोल्डरात, किंचित बदललेल्या नावाने, सुरक्षित होत्या. ज्यांनी धीर धरला त्यांना त्या मिळाल्या.

तथापि प्रत्येक वेळी असे सुखरूप सुटता येईल, असे नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या 'विंडोज १०'च्या अपडेटने काही संगणकांतील कागदपत्रे आणि छायाचित्रे खरोखरच पुसून टाकली. ज्या लोकांनी आपले फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे वळवले होते, त्यांचे जुन्या जागी राहिलेले फोल्डर निरुपयोगी समजून अपडेटने काढून टाकले. आणि त्यांत काहींच्या खऱ्या फायली होत्या. चार दिवसांत कंपनीला ती अपडेट मागे घ्यावी लागली. दुरुस्त करून ती पुन्हा दिली गेली ती १३ नोव्हेंबरला. ज्यांची दुसरी प्रत नव्हती त्यांना कंपनीचा सल्ला असा होता, की संगणक शक्य तितका कमी वापरावा. याचे कारण मोठे गमतीचे आहे. फाइल पुसली जाते तेव्हा, विशेषतः जुन्या फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर, प्रथम तिची फक्त अनुक्रमणिकेतील नोंद जाते. मजकुराचे पान तसेच राहते, पण ते कोरे समजले जाते. त्यावर नवे काही लिहिले गेले, की मग मात्र जुने कायमचे जाते. म्हणून हरवलेल्या फायलींचा शोध चालू असताना त्याच संगणकावर चित्रपट उतरवून घेणे हा शुद्ध आत्मघात होय.

अंबाडीच्या त्या मुलीने प्रथम काय करावे? काहीही दुरुस्त करू नये. आधी पाहावे. संगणक 'आपण तात्पुरत्या खात्यात आहात' अशा अर्थाची सूचना दाखवीत आहे काय? दाखवीत असेल, तर त्या खात्यात नवे काही लिहून ठेवू नये. कारण खाते बंद करताच त्यातील मजकूर नष्ट होतो. संगणक एक-दोनदा रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा. कधी कधी एवढ्यानेच मूळ खाते परत येते. न आल्यास 'युजर्स' फोल्डर उघडून आत शोधावे. फायली सापडल्या, की इतर कशालाही हात लावण्यापूर्वी त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. यानंतर दुरुस्तीत काही चुकले, तर केवळ वेळ जाईल, धवले जाणार नाहीत.

दुरुस्तीची रीत भिवंडीच्या यंत्रमागावर पाहायला मिळते. धागा तुटला, की कारागीर माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. सगळे सूत तो एकदम ओढीत नाही. संगणकातही एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि वहीत लिहून ठेवावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर कशाने झाले ते कळत नाही. बंद पडले, तर कशाने पडले तेही कळत नाही. पडद्यावर चुकीचा संदेश किंवा अंक उमटला, तर तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा. 'काहीतरी निळे आले होते' एवढ्या वर्णनावरून कोणताही जाणकार निदान करू शकत नाही.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. अपडेटनंतर घडले ते अपडेटमुळेच घडले, असे मानू नये. केर काढताना केरसुणीचा धक्का लागून छपाईयंत्राची पिन सैल झाली असेल, तर त्याचा दोष अमेरिकेतील कंपनीवर लादणे योग्य नव्हे. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडणे हेही गावाकडे काही नवल नाही. म्हणून प्रथम जोडण्या तपासाव्यात.

जोडण्या ठीक असूनही छपाईयंत्र चालत नसेल, तर त्याची नोंद यादीतून काढून पुन्हा जोडावे. आवाज येत नसेल, तर संगणक दुसऱ्याच ध्वनिक्षेपकाकडे आवाज धाडीत नाही ना, हे पाहावे. 'डिव्हाइस मॅनेजर' या यादीत प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर दिसतो. जुना ड्रायव्हर शिल्लक असेल, तर तेथूनच तो परत आणता येतो. वाय-फाय गेले असेल, तर पेच पडतो: नवा ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट तर बंद. अशा वेळी मोबाइल फोन वायरने संगणकास जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू केले, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला मिळते. संगणक केवळ मंद झाला असेल, तर एखादा दिवस त्याच्या वाटेस जाऊ नये. मोठ्या अपडेटनंतर तो आपल्या फायलींची सूची काही तास नव्याने तयार करीत असतो.

मराठी घरांत एक निराळीच तक्रार आढळते. कार्यप्रणाली नव्याने बसवल्यानंतर जुने पत्र उघडावे, तर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसते. पत्र नासले, असे समजून कित्येकांनी अशा फायली टाकून दिल्या असतील. युनिकोडपूर्वीच्या अनेक मराठी टंकांत युक्ती अशी होती, की संगणकात साठवायचे रोमन अक्षराचा क्रमांक आणि टंकाने त्या जागी देवनागरी आकार काढायचा. टंक म्हणजे जणू सोंगाचा मुखवटा. नव्या मांडणीत तो टंक राहून गेला, की मुखवटा उतरतो आणि मूळ रोमन चेहरा दिसू लागतो. 'कृतिदेव' किंवा 'श्रीलिपी' यांपैकी जो टंक वापरला असेल तो पुन्हा बसवावा. पत्र होते तसे वाचता येते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'अ'चा क्रमांक ०९०५. अशा मजकुरावर हा प्रसंग येत नाही.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर काय? प्रथम त्याला वेळ द्यावा. अपडेट चालू असताना वीज गेली, तर पुष्कळदा तो केलेले बदल स्वतःच मागे घेतो आणि त्यास तासभरही लागू शकतो. सुरू होण्याचा प्रयत्न दोन-तीन वेळा फसला, की दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो. तेथे 'सेफ मोड' नावाची सोय आहे. या अवस्थेत कार्यप्रणाली अगदी आवश्यक तेवढ्याच ड्रायव्हरांसह जागी होते आणि दोषी भाग काढून टाकण्यास वाव मिळतो. तिचे महत्त्व सर्व जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळले. त्या शुक्रवारी सकाळी भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी एक सदोष फाइल पाठवली. ही काही विंडोजची अपडेट नव्हती, पण तो प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात काम करीत असल्याने सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून कोसळले. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर गोंधळ उडाला. काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तरी जे संगणक आधीच पडले होते, त्यांतील पुष्कळांपाशी कोणाला तरी जाऊन बसावे लागले आणि सेफ मोडमध्ये ती एक फाइल हाताने पुसावी लागली. एवढा मोठा अनर्थ आणि दुरुस्ती केवढी, तर एका फाइलीची!

दुरुस्तीच्या वेळी काही संगणक ४८ अंकांची एक किल्ली मागतात. साठवलेला मजकूर कुलूपबंद असल्याचे ते लक्षण होय. ही किल्ली बहुधा घरातील ज्या व्यक्तीचे मायक्रोसॉफ्ट खाते संगणकावर आहे, तिच्या खात्यात मिळते. ती आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवलेली बरी. किल्ली कोठेच नसेल, तर तो मजकूर कंपनीलाही उघडता येत नाही.

इतके सारे व्याप पाहिल्यावर कोणी म्हणेल, मग अपडेट बंदच का करू नये? याचे उत्तर न्हावा-शेवा बंदरात मिळते. विंडोजमधील एक धोकादायक भगदाड बुजवणारी सुधारणा १४ मार्च २०१७ रोजी आली होती. ती न बसवलेल्या संगणकांत १२ मेपासून 'वॉनाक्राय' हा विषाणू दीडशेहून अधिक देशांत शिरला. २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा विषाणू पसरू लागला. पसरण्याचे त्याचे अनेक मार्ग होते, त्यांपैकी एक तेच भगदाड. त्याने एका जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले आणि तिच्याकडे असलेल्या, रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तेव्हा अपडेट टाळू नये. मात्र ती सवडीच्या दिवशी, वीज खात्रीची असताना आणि फायलींची प्रत काढून झाल्यावर करावी. मोठी अपडेट अगदीच मानवली नाही, तर साधारणतः दहा दिवसांपर्यंत 'रिकव्हरी' या सोयीतून मागे जाता येते. त्यानंतर संगणक जुनी मांडणी जागेच्या सोयीसाठी पुसून टाकतो.

त्या घरी वडिलांनी शेजाऱ्याला चहा पाजून निरोप दिला. मुलीने 'युजर्स' फोल्डर उघडला. तेथे एकाऐवजी दोन खाती होती. एकाच्या नावापुढे एक नवेच शेपूट जोडलेले होते. आत हिशेब होता, शाळेची छायाचित्रे होती आणि 'आजी' नावाचा फोल्डरही होता. पेनड्राइव्हवर प्रत उतरू लागली. छपाईयंत्र अजून मुकेच होते, पण त्याची पाळी संध्याकाळी येणार होती. मुलीने वहीत तारीख घातली आणि खाली लिहिले : 'फायली सापडल्या. आणखी काही बदललेले नाही.'